रेघसाहेबांची लाल पेन्सिल

त्या आठवड्यात पंपाच्या कारखान्यात एकच कुजबुज होती: रेघसाहेब परत आलेत. माणसाला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तरी म्हणे ते जेवणाच्या सुट्टीत ड्रॉइंगच्या खोलीत येतात, लेकीच्या टेबलापाशी उभे राहतात आणि जुन्या ड्रॉइंगवरचे चुकलेले आकडे लाल पेन्सिलने सुधारून निघून जातात. ही बातमी पहिल्यांदा सोडली ती स्टोअरवाल्याने. त्याने स्वतः काही पाहिलं नव्हतं, पण तेवढ्यासाठी गप्प बसेल तर तो स्टोअरवाला कसला! बुधवारपर्यंत बातमीला हातपाय फुटले. बंद दाराआडून पेन्सिल तासल्याचा आवाज येतो, असं एक जण म्हणाला. लेक टेबलावर दोन कप चहा मागवते, असं दुसऱ्याने सांगितलं. यातली चहाची गोष्ट खरी होती. दोन्ही कप लेकच प्यायची.

लेकीला सगळा कारखाना ताई म्हणायचा, तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. तिचे वडील कारखान्याचे मुख्य ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या रेघेवरून मुंगी सोडली तर तीही नाकासमोर चालेल, अशी त्यांची ख्याती. म्हणून नाव पडलं रेघसाहेब. ते गेल्यावर ताई तिथे लागली आणि ड्रॉइंग सांभाळायचं काम तिच्याकडे आलं. नऊ हजार कागद. कुठला कागद कुणी नेला, कधी नेला, परत कधी आणला, सगळं तिच्या रजिस्टरात. तिने लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "नऊ हजार सांभाळतेय, अजून एक कुठे ठेवू?"

खोली लांबट होती. भिंतीला लागून पोलादी कपाटं, त्यांचे खण रुंद आणि पसरट, कागद आडवे झोपवून ठेवायचे. कारखान्याच्या बाजूला एक छोटी खिडकी, तिला लाकडी झडप. टर्नर-फिटर तिथे येऊन ड्रॉइंग मागायचे आणि ताई आतून द्यायची. दिवसभर त्या खिडकीतून यंत्रांचा घरघराट आत यायचा. बाराला भोंगा झाला की तो एकदम तुटायचा. मग अर्धा तास खोलीत अशी शांतता पसरायची की कपाटातले कागद हलके हलके सैल होताना ऐकू यावेत. इतकी वर्षं ताईला ती शांतता आवडायची.

गोष्ट सुरू झाली ती तुटलेल्या शाफ्टपासून. पाणीपुरवठा खात्याकडे या कारखान्याचे एकशेचाळीस पंप होते. त्यातले तीन पंप चार महिन्यांत बंद पडले आणि तिन्हींचा शाफ्ट, म्हणजे पंप फिरवणारा दांडा, एकाच जागी तुटला: जिथे जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो, तिथल्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्याला गोलाई ठेवावी लागते. गोलाई कमी पडली की तिथे चीर जाते आणि एक दिवस शाफ्टचे दोन तुकडे होतात. खात्याचं पत्र आलं. भरपाईचं अक्षर त्यात नव्हतं. त्यांनी एकच गोष्ट विचारली होती: आमच्या कुठल्या पंपात कुठल्या ड्रॉइंगने केलेला शाफ्ट आहे, ते शनिवारपर्यंत सांगा. सांगता आलं नाही तर एकशेचाळीस पंप काढून दुसरीकडचे बसवू.

खातं गेलं असतं तर कारखान्याचा निम्मा धंदा गेला असता. आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं. पंप करणारे होते, विकणारे होते, दुरुस्त करणारे होते; पण कुठला पंप कुठल्या कागदावरून झाला, हे विचारल्यावर सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले.

सोमवारी सकाळी नव्या साहेबांनी ताईला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत जन्मलेला होता. सगळी ड्रॉइंग स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घालायची, हा त्यांचा ध्यास.

"ताई, ट्रेसिंग बघितलं. म्हणजे मूळ कागद. त्यावर गोलाई दोन मिलिमीटर आहे. पाच हवी. दोनवर शाफ्ट तुटणारच."

"मग इतकी वर्षं का नाही तुटला?"

"नशीब."

"नशिबाचा पार्ट नंबर काय, साहेब?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी टाइप केलेलं पत्र पुढे सरकवलं. मूळ ड्रॉइंगमध्येच चूक होती, ड्रॉइंग करणारे आता हयात नाहीत, त्यामुळे सर्व शाफ्ट सदोष समजावेत. खाली एक ओळ: या शाफ्टचं याखेरीज दुसरं ड्रॉइंग उपलब्ध नाही. त्या ओळीसमोर ताईच्या सहीची जागा.

ऑफिसात मेलेल्या माणसाचा फार उपयोग होतो. तो मीटिंगला येत नाही आणि उलट बोलत नाही. पण त्याच्या लेकीनेच त्याच्यावर सही करायची, हे जरा जास्तच झालं. बाबा चुकले असं तिला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि ते चुकले नाहीत हे दाखवायला हातात काही नव्हतं.

"शनिवारपर्यंत वेळ द्या. या पंपाचा एकेक कागद बघते, मग सही करते."

"बघता बघता स्कॅनही करा," साहेब म्हणाले.

त्या पंपाचे साठ कागद निघाले. ताईने एकेक तपासला, मोजला आणि खिडकीखालच्या टेबलावर गठ्ठा रचला. सगळे कागद जुने, कडांना पिवळे पडलेले, पण स्वच्छ. शाफ्टच्या कागदावर गोलाई दोनच.

मंगळवारी बाराला तिने दाराला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि कॅन्टीनला गेली. परत येऊन कुलूप काढलं, खुर्चीत बसली आणि गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला. पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग. सकाळी हेच तिने दोनदा पाहिलं होतं. आता त्यावर एका आकड्याला लाल काट मारली होती आणि शेजारी नवा आकडा होता. सत्तावीस. साताच्या पोटातून आडवी रेघ.

ही रेघ तिने लहानपणी गणिताच्या वहीत हजार वेळा पाहिली होती. गणितं बाबाच तपासायचे.

तिने बोट लावलं. ताजी पेन्सिल बोटाला लागते. ही लागली नाही. कागदात मुरलेली होती, जणू वर्षानुवर्षं तिथेच असावी. ताईने पुन्हा मोजले. साठ. एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

तिने कागद गठ्ठ्यात परत सरकवायला घेतला. पण स्टोअरवाला काहीतरी मागायला खिडकीशी आला आणि त्याची नजर कागदावर गेली. हा माणूस रेघसाहेबांकडून तेरा वर्षं शिव्या खात होता. लाल आकडा तो ओळखणार नाही तर कोण?

बुधवारी बेअरिंग बसतं त्या घराचं ड्रॉइंग. त्यावरही लाल काट, लाल आकडा. या वेळी ताईने जाण्यापूर्वी दाराच्या फटीत कागदाचा कपटा खोचून ठेवला होता. तो होता तसाच होता.

कॅन्टीनमध्ये स्टोअरवाला तिच्यासमोर येऊन बसला. "ताई, साहेबांना एक विचारून घ्या ना. माझ्याकडचे चारशे बोल्ट कुठल्याच पंपाला बसत नाहीत. कुठले आहेत म्हणावं?"

"तुमचं तुम्हीच विचारा. तुमच्यावर त्यांचा जास्त जीव होता."

"नको बाबा! जिवंतपणी मला मूर्ख म्हणायचे. आता तर त्यांना रिकामा वेळही असेल."

टेबलावरचे सगळे हसले. कोपऱ्यातल्या बाकावर कानकाका डबा खात होते; तेवढे हसले नाहीत. कानकाका हे कारखान्यातले सगळ्यात जुने टर्नर. लेथ, म्हणजे धातू तासायचं यंत्र, बिघडली की ते स्क्रूड्रायव्हरचं टोक तिला टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे आणि कुठला भाग झिजलाय ते सांगायचे. निवृत्तीला सात महिने उरले होते. तसेही ते बोलायचे कमीच. त्या दिवसांत तर तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे होते.

संध्याकाळी ताईने आईला सगळं सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातला टॉवेल घडी न करता मांडीवर ठेवला.

"पस्तीस वर्षांच्या संसारात दोन ओळींची चिठ्ठी लिहिली नाही मला. आणि आता कारखान्यात जाऊन लिहीत बसलेत होय?"

"आई, मस्करी नको. मला भीती वाटते."

"कसली? ते आहेत याची, की नाहीत याची?"

आईने टॉवेल उचलला, घडी घातली, पुन्हा उलगडली. मग हळूच म्हणाली, "तू विचारून टाक. त्यांना विचारल्याशिवाय कधी काही सांगायची सवयच नव्हती. जेवायला काय हवं, तेही विचारावं लागायचं."

गुरुवारी दोन कागद लाल झाले. गठ्ठा साठच. आता टर्नर-फिटर खिडकीशी एकटे येईनात, जोडीने यायचे, ड्रॉइंग घ्यायचे आणि आत न बघता पळायचे. साहेबांच्याही कानावर गेलं. ते खोलीत आले, लाल आकडे पाहिले, छताकडे पाहिलं, आणि "हे कोण करतंय?" असं दटावून विचारायला आले होते ते बारीक आवाजात "शनिवार लक्षात आहे ना?" एवढंच विचारून गेले. लाल आकडे मात्र त्यांनी वहीत उतरवून घेतले. हिशोबाने बघितलं तर एकूण एक बरोबर निघत होते.

शाफ्टच्या कागदावर मात्र काही उमटलं नव्हतं. तिथे दोनच.

शुक्रवारी पावणेबाराला ताईने कोरा कागद घेतला आणि लिहिलं: "बाबा, शाफ्टच्या गोलाईचा आकडा किती? उद्या मला सही करायची आहे." अक्षर शाळेत यायचं तसं आलं, गोल गोल. तिने तो गठ्ठ्यावर ठेवला. भोंगा झाला. तिने दाराला आतून कडी घातली आणि शेवटच्या दोन कपाटांमधल्या बोळात जाऊन उभी राहिली.

घरघराट तुटला. बाहेर पावलं लांब गेली. शांतता अशी दाटली की आपला श्वासही परक्याचा वाटावा. पाठीला पोलाद गार लागत होतं. एक मिनिट गेलं. दोन गेली. मग खिडकीची झडप वर जायला लागली. आवाज अजिबात नाही. तेल घातल्यासारखी ती बोटभर वर आली, थांबली, मग वीतभर झाली. तिच्याखालून प्रकाशाची पट्टी टेबलावर पडली आणि पट्टीत एक हात आला. करड्या बाहीचा. म्हातारा हात, शिरा फुगलेल्या. बाबांनीही करडाच कोट घातलेला असायचा. पण करडा कोट कारखान्यात सगळेच घालायचे.

एक पाऊल पुढे टाकलं असतं तर तिला तोंड दिसलं असतं. तिने डोळे मिटून घेतले. हा हात दुसऱ्या कुणाचा निघाला तर गेल्या चार दिवसांत परत मिळालेला बाप पुन्हा जाणार होता. बाबांचाच निघाला तर काय, हा विचार तिला पुरा करवेना. तिने कपाळ कपाटाला टेकवलं. कागद सरकल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही, जणू कुणीतरी उभ्या उभ्या काही वाचत होतं. पुन्हा कागद सरकला. पुन्हा शांतता.

डोळे उघडले तेव्हा झडप बंद होती. तिची चिठ्ठी गेली होती. गठ्ठ्यावर शाफ्टचं ड्रॉइंग होतं. दोनावर लाल काट, शेजारी लाल पाच. खाली बारीक अक्षरात: "चाचणीत शाफ्ट तुटला. माझा आकडा चुकला होता. यापुढे पाच." सही. आणि तारीख. तारीख तेरा वर्षांपूर्वीची.

ताई ती तारीख बघत राहिली. अंगावर काटा आला तो आता. चार दिवस ती एका गोष्टीला घाबरत होती, आणि समोर भलतंच येऊन बसलं होतं. तारखेनंतर बाबा दोन वर्षं जिवंत होते. रोज याच खोलीत यायचे. मूळ ट्रेसिंग त्यांच्या खुर्चीपासून दहा पावलांवरच्या खणात होतं. त्यावर आजही दोन होते.

तिने रजिस्टर ओढलं. शाफ्टचं ड्रॉइंग लेथवर शेवटचं गेलं होतं दोन वर्षांपूर्वी. त्यानंतर ते काम कॉम्प्युटरच्या नव्या मशीनवर गेलं, आणि त्या मशीनला आकडे भरायला मूळ ट्रेसिंग नेलं होतं. तिच्याच अक्षरात तशी नोंद होती. पंप पाठवल्याच्या तारखांशी तिने ताळा केला: तेव्हापासून अकरा शाफ्ट. तुटलेले तिन्ही त्या अकरांतले.

शनिवारी पाणीपुरवठा खात्याच्या इंजिनियर बाई आल्या. साहेबांनी पत्र पुढे केलं. ताईने सही न करता त्यावर लाल आकड्याचा कागद ठेवला, आणि त्यावर रजिस्टर.

"हा कुठून आला?" साहेबांनी विचारलं.

"गठ्ठ्यात होता."

"गुरुवारी नव्हता."

"गुरुवारी नव्हता," ताई म्हणाली.

साहेबांनी कागद हातातून खाली ठेवला, जरा घाईनेच. इंजिनियर बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे जुन्या शाफ्टना पाचाची गोलाई आहे, असं तुमचं म्हणणं. दाखवा."

दुरुस्तीला आलेला एक जुना पंप अंगणात उघडून पडला होता. मोजायला कानकाकांना बोलावलं. ते गोलाई मोजायच्या पट्ट्यांचा जुडगा घेऊन आले, शाफ्टजवळ उकिडवे बसले.

"पाच," ते म्हणाले.

"काका, अजून पट्टी लावली नाही तुम्ही," बाई म्हणाल्या.

"लावतो की." त्यांनी लावली. पाच होती.

स्टोअरवाला मागे उभा होता, त्याने ताईकडे बघून भुवया उडवल्या. ताईने कानकाकांच्या हाताकडे बघणं टाळलं.

बाईंनी ताईने काढलेल्या अकरा पंपांचे नंबर आपल्या वहीत उतरवले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैलावला. "अकरा ठिकाणी जायचं तर आठ दिवसांचं काम. एकशेचाळीस ठिकाणी पाणी तोडायचं म्हणजे वर्ष गेलं असतं, आणि लोकांनी मला गावात राहू दिलं नसतं. शाफ्ट सगळ्यांचेच तुटतात, साहेब. कुठले तुटणार हे सांगणारा कारखाना मला आजवर भेटला नव्हता. पंप तुमचेच राहतील. पण घडलं काय, ते लेखी हवं."

त्या गेल्यावर साहेबांनी ताईला खुर्ची दिली. आवाज बदललेला होता. "'दुरुस्ती नोंदवायची राहून गेली' एवढंच लिहू. तुमच्या वडिलांचं नाव घालायची गरज नाही. आता खातंही खूश आहे."

ताईला मोह झाला नाही असं नाही. एवढ्या एका वाक्याने बाबा स्वच्छ सुटत होते. पण उद्या हा कागद उघडणाऱ्याला "राहून गेली" यातून काय कळणार होतं? कुणाकडून राहिली, कुठे राहिली, अशाच आणखी किती राहिल्या असतील?

"ज्याच्याकडून राहिली त्याचं नाव नसेल तर ती नोंद कसली, साहेब?"

तिने ट्रेसिंग काढलं, दोनाचे पाच केले, तारीख घातली. मग रजिस्टरात लिहिलं: दुरुस्ती मुख्य ड्राफ्ट्समननी तेरा वर्षांपूर्वी केली. मूळ ट्रेसिंगवर चढवली नाही. चढवण्याची जबाबदारी त्यांची होती. पुढे बाबांचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. सोमवारी तिने खिडकीवर पाटी लावली: कुणाकडे ड्रॉइंगच्या जुन्या खासगी प्रती असतील तर आणून द्याव्यात, कुणाला काही विचारलं जाणार नाही. महिनाभरात दोनशे सतरा कागद आले. त्यातले एकशेनव्वद मूळ ड्रॉइंगशी जुळत नव्हते.

कारखान्यात मात्र अजूनही नव्या माणसाला पहिल्या दिवशी रेघसाहेबांची गोष्ट सांगतात आणि बाराच्या भोंग्यानंतर त्या खिडकीपाशी जाऊ नकोस म्हणतात.

रेघसाहेब आले नव्हते. आपला आकडा चुकला हे कळल्यावर त्यांनी तो कानकाकांच्या प्रतीवर लाल पेन्सिलने सुधारला आणि कुणाला बोलू नका म्हणून सांगितलं, कारण मूळ कागद बदलायला तीन साहेबांच्या सह्या लागत आणि चूक कुणाची ते लिहावं लागे. त्यांच्या इतर चुकांचंही तसंच झालं. त्या सगळ्या प्रती कानकाकांनी आपल्या कपाटात सपाट जपून ठेवल्या होत्या. खासगी प्रत ठेवणाऱ्याला कामावरून काढायचा नियम होता, म्हणून ते सुट्टीत झडप उचलून एकेक प्रत गठ्ठ्यात ठेवत आणि तिच्या जागचा स्वच्छ कागद घेऊन जात. झडपेची खिट्टी कित्येक वर्षं लागत नव्हती.